बदलती खर्चाची रीत आणि कोल्हापुरी वहाण

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्या एकत्रित मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तरुण पिढीच्या खर्चाच्या सवयी बदलल्या आणि त्यामुळे पारंपरिक उद्योगधंदे अडचणीत आले, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. या विषयावरचे भाषण आमच्या खात्यात जवळजवळ तयारच असते. मी स्वतः अशी दोन-तीन भाषणे इतरांसाठी लिहून दिलेली आहेत. त्यांत आरंभी आपल्या हस्तकलांच्या उज्ज्वल परंपरेचा गौरव असतो, मध्ये तरुणांच्या चंगळीविषयी खेद असतो आणि अखेरीस स्थानिक वस्तू खरेदी करण्याचे आवाहन असते. टाळ्याही पडतात. मात्र गेली काही वर्षे कामाच्या निमित्ताने कोल्हापूर भागातील चर्मकारांच्या वस्त्यांत जाणे-येणे वाढले, तेव्हापासून त्या भाषणाचा मधला भाग मला खरा वाटेनासा झाला आहे. म्हणून आज सर्व उद्योगांचा आढावा न घेता मी एकाच धंद्याविषयी, कोल्हापुरी वहाणेविषयी, थोडे तपशिलात बोलणार आहे. इतर धंद्यांचा उल्लेख जाता जाता येईल.

प्रथम ही वहाण बनते कशी, ते पाहू. कारण आपण ती पायात घालतो, परंतु तिच्यात किती हातांचे काम असते याची कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून त्यावरील केस काढावयाचे, नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते कमवावयाचे, ही या भागातील जुनी पद्धत. काही ठिकाणी कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगून ठेवीत आणि तिच्यात हा अर्क भरीत. या कामाला कित्येक आठवडे लागतात. कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे आणि वहाणा बांधण्याचे काम चर्मकार समाजाकडे. तळासाठी म्हशीचे जाड कातडे, वरच्या नाजूक कामासाठी बकऱ्याचे. रापीने तळ कापावयाचा, मोगरीने तो ठोकून घट्ट करावयाचा, कान जोडावयाचे, पट्टा बसवावयाचा, अंगठा लावावयाचा. अस्सल वहाणेत खिळा नसतो. सगळी शिवण कातड्याच्या वादीने होते. पट्ट्यावरची वेणी आणि कलाकुसर बहुधा घरातील स्त्रिया करतात, आणि ते काम इतके बारीक असते की दिवस मावळल्यावर दिव्याच्या उजेडात ते धड होत नाही. कागल तालुक्यातील कापशीच्या नावाने ओळखली जाणारी वहाण आपल्यापैकी अनेकांनी वापरली असेल. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हे मिळून या वहाणेचा प्रदेश होतो. २०१९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोही या आठ जिल्ह्यांच्या नावे. राज्यांची सीमा या धंद्याने मानलेली नाही.

या धंद्यावर खर्चाच्या बदललेल्या रीतीचा आघात होण्याची ही पहिलीच वेळ आहे, असे मात्र नाही. आपल्यातील वडीलधाऱ्यांना मोट आठवत असेल. विहिरीवरची मोट ही कातड्याची असे. ती शिवणे, सांधणे, दर वर्षी दुरुस्त करणे हे गावच्या चर्मकाराचे मोठे काम होते, आणि त्याच्या बलुत्याचा बराचसा भार या मोटेवर व शेतकऱ्याच्या पायातील जड वहाणेवर होता. तेलावरचे इंजिन आले, पाठोपाठ विजेचा पंप आला आणि मोट खुंटीला लागली ती कायमची. त्या वेळी कोणीही शेतकऱ्याला चंगळवादी म्हटले नाही. पाणी काढण्याचा श्रम वाचला, ओलीत वाढले, हे चांगलेच झाले. परंतु गावोगावच्या चर्मकारांचे निम्मे काम गेले आणि बलुत्याचे धान्यही हळूहळू बंद झाले. ज्यांना शक्य झाले ते कोल्हापूरसारख्या शहरांत येऊन बाजारासाठी वहाणा बांधू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या धंद्याला उत्तेजन मिळालेले होतेच. पुढे शहरातील चप्पल लाइन नावाने ओळखली जाणारी पेठ आणि सुभाषनगरासारख्या वस्त्या यांच्या आधाराने धंदा नव्याने उभा राहिला. सांगण्याचा मुद्दा असा की, गिऱ्हाईक बदलले म्हणून हा धंदा पूर्वी एकदा मोडला होता आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या आधाराने पुन्हा उभाही राहिला होता.

ते दुसरे गिऱ्हाईक म्हणजे माझ्या वडिलांची पिढी. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. तीन-चार वर्षांतून एकदा, दिवाळीच्या आधी, ते ठरलेल्या कारागिराकडे जात. त्या वृद्ध कारागिरांना आम्ही मुले मामा म्हणत असू. कागदावर पाय ठेवावयाचा, मामांनी पेन्सिलीने त्याची आकृती काढावयाची, मग किमतीवरून थोडीशी घासाघीस. तीही दोन्ही बाजूंना निकाल आधीच ठाऊक असल्यासारखी. नवी वहाण चावते. म्हणून ती घरी आणल्यावर आठवडाभर तिला तेल पाजावयाचे आणि रोज तासभर अंगणात घालून फिरावयाचे, हा आमच्या घरी एक छोटा विधीच होता. पावसाळ्यात ती कापडात गुंडाळून माळ्यावर जाई. वर्षातून एकदोनदा अंगठा तुटला, टाच झिजली की पुन्हा मामांकडे. अर्धे पैसे रोख, उरलेले पुढच्या महिन्याच्या पगारावर.

या व्यवहारातील खर्चाची रीत नीट पाहावी. रक्कम एकदम मोठी जाई, पण क्वचित जाई. वस्तू घेणाऱ्याला ती सांभाळण्याचे शिक्षण घरातून मिळालेले असे. दुरुस्तीमुळे कारागिराचे आणि गिऱ्हाइकाचे नाते चार वर्षे चालू राही आणि विक्रीच्या मंदीतही कारागिराच्या हाती चार पैसे पडत. त्या कारागिराचे उत्पन्न केवळ वहाण विकून होत नव्हते. वहाण टिकविण्याच्या सवयीवरही त्याचा संसार चालत होता.

आता माझ्या मुलाकडे येतो. तो महाविद्यालयात आहे. गेल्या वर्षात त्याच्यासाठी पादत्राणांचे चार जोड घरी आले. त्यांपैकी एकाचीही किंमत वडिलांच्या मानाने फार नव्हती, आणि एकही जोड दुरुस्तीला गेला नाही, कारण ते दुरुस्त करताच येत नाहीत. तळ उसवला की टाकावयाचे. मी त्याला एकदा बसवून हिशेब मांडून दाखविला. समजा, अठराशे रुपयांची हाताने बांधलेली वहाण चार वर्षे टिकली आणि चार वर्षांत दुरुस्तीला तीनशे रुपये लागले, तर वर्षाला सव्वापाचशे रुपये पडले. सहाशे रुपयांचे दोन जोड वर्षाला घेतले, तर बाराशे. त्याने हिशेब मान्य केला आणि शांतपणे म्हणाला, "पण बाबा, तीच वहाण चार वर्षं कोण घालणार?" या प्रश्नापुढे माझा हिशेब थांबला.

तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याच्या पिढीचे पैसे ज्या रीतीने येतात-जातात, त्या रीतीतून तो आलेला आहे. केंद्र शासनाच्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार २०११-१२ मध्ये ग्रामीण भागात दरडोई खर्चापैकी सुमारे ५३ टक्के रक्कम अन्नावर जात होती. २०२३-२४ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांवर आलेले दिसते. शहरांत ते सुमारे ४३ वरून ४० टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे अन्नाव्यतिरिक्त गोष्टींसाठी हाती उरणारा वाटा वाढला आहे. परंतु हा वाटा जातो कोठे? त्याच पाहणीत अन्नेतर खर्चात प्रवास व वाहतूक ही बाब कापड, अंथरूण-पांघरूण आणि पादत्राणे यांच्या पुढे आहे. पेट्रोल, दुचाकीचा हप्ता, भ्रमणध्वनीचा हप्ता, इंटरनेटचे पैसे हे खर्च दर महिन्याला ठरल्या दिवशी जातात. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून तर खिशातून नोट काढतानाची जी किंचित घालमेल असे, तीही राहिलेली नाही. उरलेली रक्कम लहान लहान तुकड्यांनी आणि वरचेवर खर्च होते. एकदम दोन हजार रुपये एका वस्तूत घालून ती चार वर्षे सांभाळणे, हे या रीतीत बसत नाही. पैसा कमी झाला म्हणून कोल्हापुरी वहाण मागे पडली, असे मानणे यास्तव चुकीचे ठरेल.

आणि आवड? तीही गेलेली नाही, याची आपणा शिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे. महाविद्यालयांतील ‘ट्रॅडिशनल डे’ आठवावा. त्या दिवशी फेटा, नऊवारी, नथ आणि पायात कोल्हापुरी. गणेशोत्सवाच्या ढोल पथकांत, मित्राच्या लग्नात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत हीच वहाण. माझ्या मुलानेही अशाच एका दिवसासाठी एक जोड आणला. तो कृत्रिम कातड्याचा होता, वर वेणीचा ठसा मारलेला होता आणि खाली रबराचा तळ चिकटविलेला होता. हे मी त्याला दाखविले, तेव्हा तो म्हणाला की फोटोत कळत नाही. त्याचे म्हणणे खरे होते. वहाण जेव्हा चालण्यासाठी घेतली जात होती, तेव्हा अस्सल आणि नक्कल यांतील फरक महिन्याभरात पायाला कळे. ती एका दिवसासाठी, दिसण्यासाठी घेतली जाऊ लागली आणि तो फरक कळण्याचे ठिकाणच नाहीसे झाले. नकली मालाचा सुळसुळाट हा केवळ लबाड व्यापाऱ्यांचा उपद्व्याप आहे असे आपण समजतो. पण खरेदीच्या नव्या रीतीनेच त्याला जागा करून दिलेली आहे.

हीच गोष्ट येवला-पैठणच्या विणकरांच्या बाबतीतही घडते आहे. पैठणी आजच्या मुलींना हवी आहे, किंबहुना त्यांच्या आयांना हवी होती त्याहून अधिक हवी आहे. परंतु एकदा नेसून कपाटात ठेवावयाची असेल, तर यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ चालते. सोलापूरच्या चादरीची कथा थोडी वेगळी. तिला आवडीने मारले नाही. सदनिकेतील कपडे धुण्याच्या यंत्राने आणि चार फुटी गॅलरीने मारले, असे मला वाटते. भिजलेली सोलापुरी चादर उचलणे हे दोन माणसांचे काम, आणि वाळत घालावयाला तिला अंगण हवे. सोलापूरच्या कारखानदारांनी काळाची पावले ओळखून टॉवेलांच्या उत्पादनाकडे मोर्चा वळविला आणि त्यातून मोठी निर्यात उभी केली, ही गोष्ट त्यांच्या चातुर्याची साक्ष आहे. परंतु यंत्रमागाला जे जमले ते रापी आणि मोगरीला जमेलच असे नाही.

आता कारागिराच्या बाजूने पाहू. सुभाषनगरातील एका तरुण कारागिराने चार वर्षांपूर्वी इंटरनेटवरून विक्री सुरू केली. त्याचे मला कौतुक वाटले आणि मी त्याच्यावर एक टिपण लिहावयाचे ठरविले. सहा महिन्यांनी गेलो, तर घराच्या कोपऱ्यात परत आलेल्या जोडांचा ढीग. कारण विचारले. बहुतेक गिऱ्हाइकांनी एकच तक्रार लिहिली होती: वहाण पायाला लागते. म्हणजे, चावते. आमच्या घरी जो आठवडाभराचा विधी होता, तो या गिऱ्हाइकांना कोणी शिकविलेला नव्हता. आणि सात दिवसांत माल परत करण्याची सोय त्यांना होती. तेलाने जी वहाण आठव्या दिवशी पायाची झाली असती, ती सातव्या दिवशी खोक्यात बंद होऊन परत निघाली. शिवाय मापाचा प्रश्न. मामांच्या कागदावर आपला पाय असे. येथे सात, आठ, नऊ असे आकडे असतात, आणि हाताने कापलेल्या तळाचा आठ नंबर दर घरी थोडा निराळा असतो. जाण्या-येण्याचे भाडे कारागिराच्या माथी. त्या तरुणाने विक्री बंद केली आणि आता तो एका व्यापाऱ्याला माल देतो. व्यापारी रोख देतो, पण दर त्याचा.

त्या तरुणाच्या धाकट्या भावाने हा धंदा सोडला आहे. तो औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात जातो. त्याच्याशी झालेले बोलणे मी विसरू शकत नाही. हातात कला आहे, घरात धंदा आहे, मग बाहेर का, असे मी विचारले. माझ्या प्रश्नाला सरकारी भाषणाचा वास होताच. तो म्हणाला, "साहेब, गाडीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. वहाण लग्नसराईत विकली जाते."

पावसाळ्यात कातड्याची वहाण कोणी घेत नाही. लग्नसराई, यात्रा, दसरा-दिवाळी हे धंद्याचे हंगाम. पूर्वीच्या कारागिराचा खर्चही हंगामीच होता. किराणा उधारीवर येई, हंगामात फेडला जाई. आजच्या तरुणाचा खर्च, मग तो गिऱ्हाईक असो की कारागीर, महिन्याच्या चाकाला बांधलेला आहे. भाडे, हप्ता, मुलांच्या शाळेची फी, विजेचे बिल. हंगामी उत्पन्नावर मासिक खर्च चालत नाही. आपण तरुण पिढीच्या खर्चाविषयी बोलतो, तेव्हा नेहमी दुकानासमोरचा तरुण डोळ्यांपुढे असतो. कारागिराचा मुलगाही त्याच पिढीचा आहे, हे आपण विसरतो. गिऱ्हाईक गेले तर धंदा मंदावतो, पुन्हा तेजीही येऊ शकते. पण वेणी घालणारी बोटे एकदा कारखान्याच्या फाटकातून आत गेली, की ती परत येत नाहीत.

तो धंदा सोडतो याला पैशाखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते या सभागृहात स्पष्टपणे बोलले पाहिजे. कातड्याच्या कामाला चिकटलेली अप्रतिष्ठा अद्याप गेलेली नाही. ज्या वहाणेचे कौतुक करावयाचे, तिच्या कर्त्याच्या घरी सोयरीक करताना किंवा पाणी पिताना मात्र मागे-पुढे पाहावयाचे, असा प्रकार आजही आहे. अशा स्थितीत चर्मकाराच्या शिकलेल्या मुलाने धंद्यातच राहावे, अशी अपेक्षा इतरांनी व्यक्त करणे मला योग्य वाटत नाही. त्याला राहावयाचे असेल तर राहणे परवडावे, एवढीच व्यवस्था आपण पाहावी.

कच्च्या मालाविषयी दोन शब्द. २०१५ मध्ये महाराष्ट्रात पशुसंरक्षणाचा सुधारित कायदा अमलात आल्यानंतर बैलाच्या कातड्याचा पुरवठा थांबला आणि सगळी भिस्त म्हशीच्या कातड्यावर आली. गावोगावी कातडे कमावणारेही कमी झाले असून परराज्यांतून येणाऱ्या तयार कातड्यावर अनेकांना अवलंबून राहावे लागते. याचा परिणाम किमतीवर होतो. कराच्या बाबतीत मात्र थोडा दिलासा मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला. त्यापुढील किमतीला तो १८ टक्के आहे.

इतके बोलूनही आपल्यापैकी कोणाच्या तरी मनात प्राडाचे नाव असेलच. जून २०२५ मध्ये मिलान येथे या इटालियन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वहाणेसारखीच पादत्राणे दाखविण्यात आली आणि तिच्या मूळ स्थानाचा उल्लेखही नव्हता. मोठा गदारोळ झाला. कंपनीने मूळ मान्य केले, तिचे प्रतिनिधी कोल्हापुरास येऊन गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील तशाच महामंडळाशी कंपनीने करार केला. सुमारे ८०० युरो किमतीचे दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करून घेण्याची ती योजना. कोल्हापुरीच्या नावाला त्यातून मान मिळाला, हे निःसंशय. त्या गदारोळाच्या दिवसांत चप्पल लाइनमध्ये तरुण गिऱ्हाइकांची गर्दी मी स्वतः पाहिली. परंतु दोन हजार जोडांनी आठ जिल्ह्यांतील चुली पेटत नाहीत. आणि त्या गर्दीतील किती जणांनी अस्सल जोड मागितला व कितींनी नुसता फोटो काढला, हे तेथील दुकानदारांनीच मला हसत हसत सांगितले.

तेव्हा तरुणांना उपदेश करण्याऐवजी, त्यांची खर्चाची रीत आहे तशी धरून काय करता येईल? काही गोष्टी शासनाने केल्या आहेत. भौगोलिक निर्देशांकाचा लाभ घेण्यासाठी कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते; महामंडळाने त्यासाठी साहाय्य देऊ केले असून वहाणेवर क्यूआर संकेत लावण्याचा उपक्रमही २०२५ मध्ये हाती घेतला. भ्रमणध्वनी समोर धरला की जोड कोणी आणि कोठे बांधला हे गिऱ्हाइकाला दिसावे, अशी ही कल्पना आहे. तरुणांच्या हातातील यंत्राचाच येथे उपयोग केलेला आहे, म्हणून ती मला आवडते. त्या संकेतातच तेल पाजण्याची आणि पहिल्या आठवड्याच्या वापराची माहिती द्यावी, अशी माझी सूचना आहे. परत येणारे निम्मे जोड तेवढ्याने वाचतील असा माझा अंदाज आहे. तो माझा स्वतःचा अंदाज आहे, खात्याचा नव्हे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये आणि तारणाशिवाय ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायतीकडे सोपविलेली आहे, हे येथील सदस्यांना ठाऊक आहेच. पहिल्या कर्जाची परतफेड अठरा महिन्यांत, मासिक हप्त्यांनी करावयाची असते. पुन्हा हप्ता! ज्या धंद्याचे उत्पन्न हंगामी, त्याच्या कर्जाचे हप्ते पिककर्जाप्रमाणे हंगामाशी जुळविता येतील काय, हा विचार बँकांच्या अधिकाऱ्यांनी करावा अशी विनंती मी मागे एका बैठकीत केली होती. इतिवृत्तात ती नोंदली गेली आहे. येथे बँकेचे अधिकारी उपस्थित असल्याने ती पुन्हा करतो.

शिक्षकांकडे माझे एकच मागणे आहे. कार्यानुभवाच्या तासाला गावातील वहाण बांधणाऱ्याला शाळेत बोलवावे, आणि ते केवळ पाहुणा म्हणून हार घालून परत पाठविण्यासाठी नव्हे. त्याने मुलांच्या पायांची मापे कागदावर काढावीत, तुटलेला अंगठा त्यांच्यासमोर लावून दाखवावा, आणि त्या दोन तासांचे मानधन त्याला त्याच दिवशी रोख द्यावे. वस्तू दुरुस्त होते, हे दृश्य आजच्या अनेक मुलांनी पाहिलेलेच नाही. तुटलेली वस्तू कचऱ्यात टाकणे हे त्यांना स्वाभाविक वाटते, कारण त्यांच्या रस्त्यावर दुरुस्ती करणारा बसतच नाही.

तो का बसत नाही, या प्रश्नाचे उत्तर पंचायत सदस्यांपाशी आहे. दुरुस्तीचे काम करणाऱ्या गटई कामगारांना समाजकल्याण खात्यामार्फत शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देण्याची योजना आहे. त्यासाठी अर्जदाराकडे स्वतःची जागा तरी असावी लागते, नाही तर ग्रामपंचायतीने अगर नगरपालिकेने त्याला जागा दिलेली असावी लागते. स्टॉल मंजूर होण्याच्या वाटेवर असताना जागेच्या दाखल्यापाशी अडून पडलेले अर्ज मी पाहिले आहेत. बसस्थानकासमोर, बाजारकट्ट्यावर, शाळेच्या वाटेवर चार फूट जागा लागते. तेवढ्याच जागेत पूर्वी रसवंतीचे गुऱ्हाळ किंवा भ्रमणध्वनीच्या जाहिरातीचा फलक उभा राहिलेला असतो, आणि त्याच्या ठरावाला फारसा वेळ लागलेला नसतो. महिनाभर दुरुस्तीचे काम मिळू लागले, तर पाच तारखेचा हप्ता वहाणेच्या हंगामावर अवलंबून राहणार नाही. त्या तरुण कारागिराने हे मला स्वतःच बोलून दाखविले.

अर्जाचे नमुने आणि जागा देण्याच्या ठरावाचा एक साधा मसुदा मी बरोबर आणला असून दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. प्रती पन्नासच आहेत, म्हणून एका पंचायतीने एकच घ्यावी. ज्यांची मासिक सभा पुढच्या आठवड्यात आहे, त्यांनी आधी घ्यावी.